गल्लीतल्या बदामावर केसाळ सुरवंट, लोक झाड तोडायला निघालेत. काय करू?

अनगोळची अक्का
नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला आमच्या गल्लीच्या टोकाला देशी बदामाचं जुनं झाड आहे. उन्हाळ्यात भाजीवाल्या, पेपरवाला, शाळेच्या रिक्षा, सगळे त्याच्याच सावलीला थांबतात. गणपती झाले आणि त्याच्यावर सुरवंट दिसायला लागले. आधी पानांच्या मागं घोळक्यानं होते. आता खोडावरून उतरून कंपाउंडवर, खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर फिरायला लागलेत. फोटो टाकला आहे. डोकं तांबडं, अंगावर पांढुरक्या केसांचे झुबके.

शेजारच्या दोन पोरांच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलंय. रात्रभर खाजवतात. पोरं सांगतात, आम्ही सुरवंटाला हातच लावला नाही. आया म्हणतात, खोटं बोलतायत.

पलीकडचे कन्नड काका म्हणतात, "कंबळी हुळ, म्हणजे हा सुरवंट, पाऊस सरताना येतंच, आपोआप जातं." पण बाकीच्यांचा धीर सुटलाय. कुणी म्हणतंय झाडच काढू, कुणी म्हणतंय रॉकेलची मशाल लावू. रविवारी सगळे जमणार आहेत. मला झाड राखायचंय, पण पोरांचा त्रासही खराच आहे. त्यांच्यापुढं काय सांगू?

पतंगवेडा
अक्का, पहिली गोष्ट, पोरं खरं बोलतायत. त्यांना कुणी रागावू नका.

फोटोतली अळी टसॉक मॉथ, म्हणजे केसांचे झुबके असणाऱ्या अळ्यांच्या पतंगांच्या गटातली आहे, त्यातही युप्रोक्टिस नावाची किंवा तिच्या अगदी जवळची. एरंड, गुलाब, डाळिंब, पेरू, बदाम असं काहीही खाणाऱ्या या अळ्या. पूर्वी या पतंगांचं लायमँट्रिडी असं वेगळं कुळ मानत. आता एरेबिडी या मोठ्या कुळात लायमँट्रीइने हे उपकुळ म्हणून त्यांना धरतात. ओळखायची खूण सांगतो. लांबूनच, मोबाईलचा कॅमेरा झूम करून अळीच्या पाठीचा शेपटाकडचा भाग बघा. तिथं एकामागं एक दोन नारिंगी किंवा तांबडे ठिपके दिसतील. त्या ग्रंथी आहेत, पोटाच्या सहाव्या आणि सातव्या वळ्यावरच्या. हे ठिपके दिसले की ती याच गटातली.

आता खाजेचं. तुम्हाला जे लांब केस दिसतात ते खरे गुन्हेगार नव्हेत. युप्रोक्टिसच्या पाठीवरच्या उंचवट्यांत दुसरेच बारीक केस दाटीनं असतात. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे डोळ्याला दिसतच नाहीत. पूर्ण वाढलेल्या एका अळीवर असे केस लाखांनी असतात. आतून पोकळ, टोकदार, आणि कडेला एकाच दिशेचे काटे. त्यामुळं कातडीत घुसले की आतच सरकतात. त्यांच्यात हिस्टामिन आणि प्रथिनं फोडणारी विकरं असतात. म्हणून नुसतं टोचत नाही, सुजतं आणि खाजतं.

हे केस सहज गळतात आणि वाऱ्यावर उडतात. झाडाखाली उभं राहिलं, दोरीवरचा शर्ट घातला, कंपाउंडला टेकलं, एवढं पुरतं. मान, मनगट, कोपराचा सांधा, कमरेचा पट्टा अशा घामाच्या आणि कपडा घासणाऱ्या जागी पुरळ जास्त उठतं ते त्याचमुळं.

अळी मेली तरी केस मरत नाहीत. कात टाकली तर कातीवर राहतात. कोश विणताना अळी तेच केस त्यात गुंफते. मादी पतंग कोशातून बाहेर येताना शेपटाच्या झुबक्यात ते घेऊन येते आणि अंडी घालून झाली की त्यांच्यावर पसरते. म्हणजे अंडी, अळी, कोश, पतंग, चारही अवस्थांत खाज आहेच. याच गटातला ब्राऊन-टेल मॉथ १८९७ च्या सुमारास युरोपातून अमेरिकेत गेला. तिथल्या मेन राज्यात आज लोकांना सांगतात की याचे केस पाल्यापाचोळ्यात एक ते तीन वर्षं खाजरे राहू शकतात.

म्हणून मशालीला माझा ठाम विरोध आहे. जाळताना उठणाऱ्या गरम हवेबरोबर न जळलेले केस वर जातात आणि अख्ख्या गल्लीत उतरतात. झाड तोडतानाही तेच होणार. फांदी आपटली की केसांचा धुरळा. आणि तो तोडणाऱ्याच्या डोळ्यात.

मळेकरी, बेळगुंदी
आमच्याकडं शेवग्याला येतंयत की दरसाल. दिवसभर बुंध्यावर थर करून बसतंयत, रात्री वर चढून पाला खातंयत. आमचा आजा काठीला चिंध्या गुंडाळून मशाल करायचा आणि बुंध्यावरनं फिरवायचा. पाच मिनिटांत काम फत्ते. औषधाला पैसा नाही, काय नाही. पुस्तकातबी तसंच लिवलेलं हाय. कशाला गा एवढं वाढवूलालाय?

पतंगवेडा
दादा, आजोबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवग्यावरची ती अळी वेगळ्या कुळातली, युप्टेरोटे मोलिफेरा. दिवसा बुंध्यावर गोळा होणं ही तिची सवयच. म्हणून तिथल्या तिथं गाठता येते, आणि शेतीच्या सल्ल्यात मशाल लिहिलेली असते तीही याच अळीसाठी. पण ती मशाल मळ्यातली. चहूबाजूला मोकळं रान, माणूस एकटा, वाऱ्याकडं पाठ करून उभा. अनगोळातल्या गल्लीत दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, खाली पोरं आहेत, वरून विजेच्या तारा गेल्यात. तिथं ते चालायचं नाही. आणि मळ्यातसुद्धा साबणाच्या पाण्याचा पंप मारला तर तोच बुंधा जास्त स्वच्छ होतो. अळ्या भिजून खाली पडतात, केस ओले होऊन बसतात, उडत नाहीत.

मळेकरी, बेळगुंदी
साबणाचं पटतंय. करून बघतो. पण मग अंगावर पडलंच तर घोंगडं घासायचं की नाही? आमच्याकडं तेच करतंयत. घोंगड्याच्या लोकरीत केस अडकून येतात म्हणून.

कातडीचा डॉक्टर
मी दवाखान्यात दर पावसाळ्याच्या शेवटी हे रुग्ण बघतो, म्हणून लिहितोय. घोंगडं घासू नका. राख, शेण, चुना, काहीच चोळू नका. केस एकाच दिशेनं आत सरकतो हे वर लिहिलंच आहे. घासलं की तो मोडतो, टोक आत राहतं आणि शेजारच्या चांगल्या कातडीवरही पसरतो.

करायचं ते असं. अंगावरचे कपडे डोक्यावरून ओढून काढू नका, शक्य असेल तर बटणं सोडून काढा. पुरळ उठलेल्या जागी चिकटपट्टी हलकेच लावायची आणि सरळ वर उचलायची. दरवेळी नवा तुकडा. पार्सल बांधायची साधी पट्टी चालते. घरात पट्टी नसेल तर घट्ट कणकेचा गोळा हलक्या हातानं टेकवून उचला, घासू नका. मग वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि टॉवेलनं रगडून न पुसता तसंच वाळू द्यायचं. त्यावर गार पाण्याची घडी ठेवा. कॅलामाइन लावलं तर बरं वाटतं. खाज झोपू देत नसेल तर ॲलर्जीची गोळी किंवा सौम्य स्टेरॉइड मलम लागतं, पण मुलांना ते वय आणि वजन बघून डॉक्टरांनीच द्यायचं. मेडिकलमधून स्टेरॉइडची तांबडी-हिरवी ट्यूब आपल्या मनानं आणून आठवडाभर चोपडू नका.

पुरळ लगेच उठत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उठतं. म्हणून लोकांना कारण लक्षात येत नाही आणि आदल्या रात्रीच्या जेवणावर खापर फुटतं. बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत उतरतं.

दोन बाबतीत थांबू नका. ओठ-जीभ सुजली, घशात आवळल्यासारखं झालं, दम लागला तर तडक दवाखाना. आणि डोळा. डोळ्यात केस गेला असं वाटलं तर डोळा चोळायचा नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं. केस बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुततो आणि आत सरकत जातो. त्यातून गाठी येऊन डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो. वैद्यकात याला ऑफ्थाल्मिया नोडोसा म्हणतात. हे केस साध्या बॅटरीच्या उजेडात दिसत नाहीत, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा भिंगाचा दिवा, स्लिट लॅम्पच लागतो. त्यामुळं घरी पदराच्या टोकानं, जिभेनं, दुधानं प्रयोग नकोत. पोराचं आयुष्य पुढं आहे, डोळ्याशी खेळ नको.

शहापूरची सून
डॉक्टर, मला कढीपत्ता काढताना एका हिरव्या अळीचा स्पर्श झाला होता. तेव्हा लागलीच अशी आग झाली की डोळ्यात पाणी आलं. पुरळ नाही, नुसती आग. हीच का ती?

कातडीचा डॉक्टर
नाही वहिनी. लागलीच आग झाली म्हणजे बहुधा काटेरी स्लग अळी. पोपटी अंग, पाठीवर निळसर पट्टा, कडेनं काट्यांचे झुपके, पाय दिसतच नाहीत. आंब्यावर, नारळावर, अंगणातल्या बऱ्याच झाडांवर असते. तिचे काटे थेट विष सोडतात, म्हणून झोंबतं ते त्याच क्षणी. टसॉकचं उलटं, आधी काही कळतच नाही. प्रथमोपचार दोन्हींना तेच, चिकटपट्टी, साबण, गार पाणी.

निपाणीकर
विषय निघालाच आहे तर सोयाबीनवाल्यांसाठी लिहितो. आमच्या निपाणी-संकेश्वर भागात सोयाबीनवर येते ती केसाळ अळी वेगळी, बिहारी केसाळ अळी म्हणतात ती. तिच्या केसांनी टसॉकएवढी खाज सुटत नाही, पण पीक साफ करते. मादी पानाच्या खाली पुंजक्यानं अंडी घालते. पिल्लं निघाली की काही दिवस त्याच पानावर राहतात आणि खालचा हिरवा भाग खरवडून खातात. पान उन्हाकडं धरलं की नुसत्या शिरा आणि पातळ पापुद्रा दिसतो. शेतात उभं राहिलं तरी हिरव्या रानात तेवढंच एक पांढुरकं पान डोळ्यात भरतं. ते पान त्याच वेळी तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकलं तर शेकडो अळ्या एका फटक्यात गेल्या. एकदा त्या पांगल्या की मग पंपामागं पंप. बांधावरचा एरंडही बघत जा, तिथं या सगळ्या केसाळ मंडळींचा मुक्काम असतो.

कामाला येणाऱ्या बायकांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट रुमाल द्या. त्या सांगत नाहीत, पण संध्याकाळी घरी जाऊन मनगटं खाजवत बसतात. मजुरी देतो तशी ही काळजीही आपलीच.

अनगोळची अक्का
खूप उपयोगी पडतंय. पण आमच्या झाडावर फवारणी करायची का? एकानं फवारणीवाल्याला सांगूनच ठेवलंय. आणि दरसाल येणार असतील तर झाड ठेवण्यात अर्थ काय, असं विचारतात.

रानवाट, खानापूर
अक्का, आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ऐन, किंजळ, उंबर, वड सगळ्यांवर सुरवंट येतात. एखादं झाड अर्धं बोडकं होतं आणि पुढच्या पालवीला पुन्हा भरतं. निरोगी मोठं झाड एका हंगामाच्या पानखाण्यानं मरत नाही. तेव्हा झाडाची चिंता सोडा, माणसांचं बघा.

यांना खाणारे कोण आहेत ते सांगतो, कारण फवारणी त्यांनाही मारते. बहुतेक पक्षी केसाळ अळीच्या वाटेला जात नाहीत. कोकिळेच्या कुळातले मात्र आवडीनं खातात. चातक पावसाबरोबर आमच्याकडं येतो तो याच खाण्यावर जगतो. पावशाही तसाच. चोचीत अळी धरून फांदीवर आपटतो, चोचीतून पुढं-मागं ओढतो, मग गिळतो. भीमगड अभयारण्याच्या कडेनं पावसाळ्यात फिरताना हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या पक्ष्यांच्या पोटात गेलेले केस जठराच्या अस्तरात रुततात आणि ते अस्तरच ते वेळोवेळी बाहेर टाकतात.

दुसरे म्हणजे बारीक गांधीलमाश्या. झाडावर एखादी अळी मरगळून बसलेली आणि तिच्या अंगाखाली किंवा शेजारी पांढरे इवले कोश चिकटलेले दिसले तर ते सुरवंटाचे नव्हेत, त्याच्या शत्रूचे आहेत. गांधीलमाशीनं अळीच्या अंगात अंडी घातली, तिच्या पिल्लांनी अळीला आतून खाल्लं आणि बाहेर येऊन कोश केले. ते पान तोडू नका. पुढच्या पिढीचा सगळा बंदोबस्त त्या कोशांत आहे. वरून कीटकनाशक मारलं की आधी या माश्या जातात. अळ्या पुन्हा येतात, माश्या लवकर येत नाहीत.

पतंगवेडा
रानवाट यांच्याशी पूर्ण सहमत. फवारणीबद्दल एवढंच सांगतो. तुमच्या अळ्या मोठ्या झाल्यात, खाली उतरतायत, म्हणजे कोश करायची जागा शोधतायत. आता औषध मारून त्या मरतील, वाळतील, आणि केस तिथंच राहतील. लहान अळ्यांवर बीटी नावाचं जिवाणूंचं औषध चालतं, ते माणसाला आणि पाखराला बाधत नाही. पण ते पानाबरोबर पोटात जावं लागतं आणि अळी कोवळी असावी लागते. ती वेळ टळलीय. पुढच्या खेपेला पानामागं घोळका दिसेल तेव्हाच ते पान काढा. त्यावेळी अंगावर खाजरे केस नसतात किंवा फार थोडे असतात. ही संधी मोठी, आणि तीच सगळे घालवतात.

आत्ताचं काम वेगळं. खोडाला छातीच्या उंचीवर गोणपाट गुंडाळा, मधे सुतळीनं बांधा आणि वरचा अर्धा खाली दुमडा. उतरणाऱ्या अळ्या आडोसा शोधत त्या घडीत शिरतात. रोज संध्याकाळी गोणपाटावर पाणी मारायचं, लांब चिमट्यानं अळ्या उचलून साबणाच्या बादलीत टाकायच्या. चष्मा, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि वारा पाठीमागून. झाडाखालचा पाला कोरड्या झाडूनं लोटायचा नाही. आधी भिजवा, मग फावड्यानं पोत्यात भरा, पोतं बांधा. तो पाला पेटवायचा नाही. कपडे महिनाभर दुसऱ्या बाजूला वाळत घाला. आणि रात्री व्हरांड्याचा दिवा बंद ठेवा, कारण आता पतंग निघतील आणि उजेडाकडं येतील. ते पतंग काही खात नाहीत, तोंडाची सोंडच खुरटलेली असते. थोडे दिवस जगतात, अंडी घालतात आणि मरतात. पण तुमच्या भिंतीवर अंडी घालायला नकोत.

या पतंगांशी माझं वैर नाही हे मुद्दाम लिहितो. याच गटात ऑर्जिया पोस्टिका आहे. तिच्या अळीच्या पाठीवर केसांचे चार आखूड ब्रश असतात, दात घासायच्या ब्रशसारखे सपाट कापलेले, आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना काळ्या केसांची एकेक लांब शेंडी पुढं आलेली. तिची मादी पतंग असून तिला उडता येत नाही, पंखांचे नुसते खुंट. कोशातून निघते आणि त्याच कोशाला धरून बसते. नर वासावर येतो, ती त्याच कोशावर अंडी घालते आणि तिथंच मरते. पिल्लं निघाली की रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर दुसऱ्या झाडाला जातात. आईनं जे केलं नाही ते पिल्लू जन्मल्याबरोबर करतं. वडाच्या पारावर कधी बसलात तर याच गटातल्या पेरिना न्यूडा या पतंगाचा नरही बघा, पंख जवळजवळ आरपार दिसणारे. हे सगळं आपल्या दारात चाललेलं असतं.

टिळकवाडीचा वकील
झाडाबद्दल एक कायद्याची गोष्ट. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ लागू आहे. शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड खाजगी जागेत असलं तरी. काही जाती यातून वगळल्या आहेत, पण आधी अर्ज करून विचारायचं, कुऱ्हाड नंतर. रविवारी कुणी परस्पर माणूस आणायला लागलं तर हे नीट समजावून सांगा, भांडू नका.

मळेकरी, बेळगुंदी
अक्का, गोणपाट पाहिजे असंल तर सांगा. आमच्याकडं बटाट्याची पोती पडून हायत. शनिवारी बाजाराला येताना टाकतो.

अनगोळची अक्का
मळेकरी दादा, द्या की! दोन मोठी पुरतील.

रविवारचं ठरलंय ते सांगते. झाड राहणार. कन्नड काकांनीच आधी बाजू घेतली आणि त्यांचा मुलगा चिमटा घेऊन उभा राहायला तयार आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं मी कागदावर उतरवून दोन्ही भाषांत गल्लीच्या फलकावर लावणार आहे, काका कन्नड करून देतायत. ज्या पोरांना पुरळ होतं त्यांच्या आयांना चिकटपट्टीचं दाखवलं. धाकट्याचं डोळ्याला काही नाही, तरी एकदा दाखवून घ्या म्हणून सांगितलंय. फवारणीवाल्याला नको म्हणून कळवलं.

एक राहिलं. कंपाउंडच्या आतल्या बाजूला, नळाच्या वर, केसाळ कोश चिकटलेत. ते कसे काढायचे?

पतंगवेडा
हातानं नाही, कोरड्या खराट्यानंही नाही. आधी साबणाच्या पाण्यानं चिंब भिजवा आणि थोडा वेळ थांबा. मग जुन्या उलथन्यानं खरवडून खाली धरलेल्या साबणाच्या बादलीत पाडा. भिंतीचा तो भाग ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या, धुऊन परत वापरू नका. बादलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी झाडापासून लांब खड्ड्यात ओतून वर माती लोटा. नळाच्या तोंडावर आणि चावीवरही फडकं फिरवा, पोरं पाणी प्यायला तिथंच हात लावतात.